घरच्या घरी आयएनआर मोजणारे यंत्र: हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मुलीच्या आईचा दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

रक्त किती वेळात गोठते ते आयएनआर या आकड्यात, बोटाच्या एका थेंबावरून सांगणारे तळहाताएवढे यंत्र गेली दोन वर्षे आमच्या घरी आहे आणि दर रविवारी सकाळी ते वापरले जाते. वापरणारी माझी मुलगी १९ वर्षांची आहे. अशा यंत्रांविषयी जे वाचायला मिळते ते बहुधा उतारवयातील रुग्णांना समोर ठेवून लिहिलेले असते. यंत्रासोबत आलेल्या माहितीपुस्तिकेतील चित्रांतही सगळी पांढऱ्या केसांचीच माणसे आहेत. जन्मजात हृदयदोष असलेल्या आणि लहानपणीच शस्त्रक्रिया झालेल्या तरुण मुलामुलींना गुठळीचा धोका वेगळ्या कारणांनी असतो, त्यांचे रक्त, त्यांची बोटे आणि त्यांची दिनचर्याही वेगळी असते, म्हणून हा अभिप्राय त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी मुलीच्या संमतीने लिहीत आहे.

आधी तिच्या हृदयाविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय यंत्राचे मोल ठरवता येणार नाही. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांपैकी तिचा एकच कप्पा जन्मतः पुरता वाढलेला होता. चौथ्या वर्षी तिच्यावर फोंटान शस्त्रक्रिया झाली. फ्रान्सिस फोंटान या फ्रेंच शल्यविशारदांनी १९६८ साली प्रथम केलेली आणि १९७१ साली प्रसिद्ध केलेली ही शस्त्रक्रिया शरीरातून परतणारे अशुद्ध रक्त हृदयाला वळसा घालून थेट फुफ्फुसांकडे नेते. उरलेला एकमेव कप्पा सगळ्या शरीराला रक्त पुरवतो. मात्र फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताला ढकलणारा पंप उरत नाही आणि ते रक्त शिरांतील दाबावर व श्वासाच्या लयीवर संथपणे वाहत राहते.

रक्त गोठण्याची जी तीन कारणे जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ विरचो यांच्या नावाने ओळखली जातात, म्हणजे प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचाच कल गोठण्याकडे झुकणे, ती तिन्ही या एका शरीरात एकत्र येतात. प्रवाह संथ असतोच. शस्त्रक्रियेत बसवलेली कृत्रिम नळी आणि टाक्यांच्या जागा हे अस्तराचे दुखणे. शिरांमधील वाढलेल्या दाबामुळे यकृतावर ताण येतो, काहींच्या आतड्यांतून प्रथिने वाहून जातात आणि त्यांच्याबरोबर रक्ताला गोठण्यापासून आवरणारे अँटीथ्रॉम्बिनही जाते. वर्षे सरतात तसे वरचे कप्पे ताणले जातात, ठोके अनियमित होऊ लागतात आणि साचलेल्या रक्तात गुठळी धरण्याला आणखी एक निमित्त मिळते. शस्त्रक्रियेच्या वेळी दाब कमी ठेवण्यासाठी मुद्दाम छोटे छिद्र ठेवले असेल तर शिरांतील गुठळी त्यातून पलीकडे जाऊन मेंदूपर्यंत पोहोचू शकते. स्वीडनमधील नोंदींवर आधारलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये रक्तपुरवठा अडल्याने होणाऱ्या पक्षाघाताचा धोका समवयस्कांच्या सुमारे ११ पट आढळला. या वयात पक्षाघाताचे मूळ प्रमाणच फार कमी असते, त्यामुळे ११ पट म्हणजे घरोघरी असे मुळीच नाही. पण वय तरुण आहे म्हणून निश्चिंत राहावे, या समजुतीला त्या आकड्यात जागा नाही.

माझी मुलगी शस्त्रक्रियेनंतर बरीच वर्षे अ‍ॅस्पिरिनवर होती. पंधराव्या वर्षी नेहमीच्या टूडी इको तपासणीत तिच्या हृदयात एक गुठळी दिसली. तिला कसलाही त्रास होत नव्हता, आदल्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर मैदानावर होती. फोंटानच्या मुलांमधील गुठळ्या अशा मुक्या असू शकतात. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष आणि पुन्हा दहाएक वर्षांनंतरचा काळ हे दोन टप्पे अधिक जपण्याचे मानले जातात, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. तेव्हापासून ती वॉरफरिन हे रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारे औषध घेते आणि तिचा आयएनआर २ ते ३ या मर्यादेत ठेवायचा असतो. वॉरफरिन न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. आकडा वाढला की रक्त गोठायला जास्त वेळ लागतो, घटला की कमी. यांत्रिक झडप बसवलेल्या मुलांची मर्यादा झडपेच्या जागेनुसार ठरते. महाधमनीच्या झडपेसाठी ती बहुधा २ ते ३ असते आणि मिट्रल झडपेसाठी २.५ ते ३.५. आपल्या मुलाची मर्यादा दुसऱ्याच्या कागदावरून कधीही उतरवून घेऊ नये.

फोंटान शस्त्रक्रिया झालेल्या १११ मुलांवरील एक चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात अ‍ॅस्पिरिन आणि वॉरफरिन यांपैकी कोणतेही औषध दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे सरस ठरले नाही आणि दोन्ही गट मिळून दोन वर्षांत सुमारे पाचातील एका मुलात गुठळी आढळली. याच चाचणीच्या पुढच्या विश्लेषणात एक गोष्ट पुढे आली आणि माझ्या मते या यंत्राचे सारे मोल तिच्यात आहे. वॉरफरिन घेणाऱ्या ज्या मुलांचा आयएनआर वारंवार मर्यादेखाली राहत होता, त्यांच्यात गुठळीचा धोका अधिक होता. नुसती गोळी पोटात जाऊन पुरत नाही, आकडा मर्यादेत राहावा लागतो. आम्ही पालक मात्र वाढलेल्या आकड्याचीच धास्ती घेतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे डाग उमटतात, नाकातून रक्त वाहते. घसरलेला आकडा काहीच दाखवत नाही. तो कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मोजणे.

यंत्र येण्यापूर्वी आम्ही दर चार आठवड्यांनी प्रयोगशाळेत जात असू. लहानपणापासून सुया टोचून तिच्या हातांच्या शिरा इतक्या थकल्या आहेत की एका नमुन्यासाठी दोनतीन ठिकाणी टोचावे लागे. अहवाल संध्याकाळी मिळे आणि अनेकदा तोपर्यंत डॉक्टरांची वेळ संपलेली असे. एका प्रयोगशाळेने तर तिचा १.५ हा आकडा ‘सामान्यापेक्षा जास्त’ असा ठळक छापून दिला होता. निरोगी माणसाशी तुलना केली तर ते खरे होते, पण तिच्यासाठी तोच आकडा धोक्याइतका कमी होता.

यंत्राची कृती सोपी आहे. पट्टी आत सरकवली की यंत्र ती ठरावीक तापमानाला आणते, मग बोटाच्या कडेला टोचून आलेला थेंब पट्टीला लावायचा. पट्टीवरील रसायनामुळे गोठण्याची क्रिया सुरू होते, यंत्र ती विद्युतप्रवाहातील बदलावरून ओळखते आणि साधारण मिनिटभरात आकडा दाखवते. आतली तपासणी यंत्र स्वतःच करते आणि पट्टी खराब असेल तर आकडा न देता चूक दाखवते. ही गोष्ट मला सर्वांत विश्वासार्ह वाटते, कारण चुकीच्या आकड्यापेक्षा आकडा नसलेला बरा.

खरी अडचण थेंबाची आहे. रक्ताभिसरण मंद असल्याने माझ्या मुलीची बोटे बहुतेक वेळा गार असतात. थेंब पुरेसा मोठा हवा, टोचल्यावर लगेच लावायला हवा आणि कमी पडला म्हणून वरून दुसरा घालता येत नाही. पहिल्या महिन्यात आम्ही निम्म्या पट्ट्या वाया घालवल्या. बोट पिळून काढलेल्या थेंबात ऊतींमधले पाणी मिसळते आणि निकाल बिघडू शकतो, हे पुस्तिकेत एका ओळीत लिहिलेले आहे, त्याला खरे तर स्वतंत्र पान हवे होते. शेवटी आमच्या उपयोगी पडले ते असे: कोमट पाण्यात दोन मिनिटे हात धरणे, पूर्ण कोरडे करणे, हात खाली सोडून थोडा हलवणे, यंत्र तयार झाल्याची खूण आल्यावरच टोचणे आणि तळव्याकडून बोटाच्या टोकाकडे हळुवार हात फिरवणे. आता महिन्यातून एखादीच पट्टी फुकट जाते. पट्ट्यांचा खर्च मात्र कायमचा आहे आणि घेण्यापूर्वी यंत्रापेक्षा पट्ट्यांचाच हिशेब करावा, असे मी प्रत्येकाला सांगते.

अचूकतेविषयी जरा सविस्तर लिहिते. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी शिरेतून रक्त घ्यायला लावले आणि त्याच तासात यंत्रावरही मोजायला सांगितले. प्रयोगशाळेचा आकडा २.६ आला, यंत्राचा २.४. त्यानंतर दर सहा महिन्यांनी आम्ही ही तुलना करतो आणि आजवर फरक ०.३ च्या पुढे गेलेला नाही. आकडा जितका मोठा तितका दोहोंतील फरक वाढतो, म्हणून ४ च्या वरचा कोणताही निकाल शिरेतील रक्ताने पडताळून घ्यावा, अशी आम्हाला सूचना आहे. काही लोकांच्या रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांमुळे अशा यंत्रांचे आकडे फसवे येतात. त्यांच्यासाठी हे साधन योग्य नाही.

आपल्या मुलांसाठी सर्वांत महत्त्वाची मर्यादा मात्र पुस्तिकेच्या शेवटी बारीक अक्षरांत दिली आहे. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, २५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच आमच्या यंत्राचा आकडा ग्राह्य आहे. ज्या मुलांच्या रक्तातील प्राणवायू शस्त्रक्रियेनंतरही कमीच राहतो, ज्यांचे ओठ आणि नखे निळसर दिसतात, त्यांचे शरीर ती उणीव भरून काढण्यासाठी तांबड्या पेशी वाढवते आणि हिमॅटोक्रिट ५५ च्या पलीकडे जाऊ शकते. ज्यांना हे यंत्र सर्वांत उपयोगी पडावे त्यांच्यातील काहींसाठीच ते अविश्वसनीय ठरते, आणि हे विकत घेण्यापूर्वी आम्हाला कोणी सांगितले नव्हते. माझ्या मुलीचे हिमॅटोक्रिट ४८ आहे, म्हणून निभावले. अशा मुलांच्या बाबतीत प्रयोगशाळेतही चूक होऊ शकते. नमुन्याच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेटचे ठरावीक प्रमाण असते. दाट रक्तात द्रवभाग कमी असल्याने तेच प्रमाण जास्त होते आणि आयएनआर खोटा वाढलेला दिसतो. हिमॅटोक्रिट ५५ च्या वर असेल तर नळीतील सायट्रेट कमी करून घ्यायला सांगावे लागते. खोटा वाढलेला आकडा म्हणजे गोळी विनाकारण कमी होणे, आणि तेच आपल्याला परवडणारे नाही.

आता ज्यासाठी मी या यंत्राची ऋणी आहे ती गोष्ट. वापर सुरू करून तीन महिने झाले तेव्हा डॉक्टरांनी यंत्रातील साठवलेल्या नोंदी पाहायला मागितल्या. तेरा नोंदींपैकी दहा मर्यादेत होत्या आणि तीन मर्यादेखाली: १.७, १.६ आणि १.८. त्या तिन्हींमध्ये जवळजवळ चारचार आठवड्यांचे अंतर होते. डॉक्टरांनी तारखांवरून बोट फिरवले आणि मला बाहेर बसायला सांगून तिच्याशी एकटीशी बोलले. वॉरफरिनमुळे तिला पाळीच्या दिवसांत फार रक्तस्राव होत असे, म्हणून ती दर महिन्याला दोनतीन दिवस गोळी घेत नसे. हे तिने मला कधी सांगितले नव्हते, कारण मी घाबरेन हे तिला ठाऊक होते. चार आठवड्यांनी होणाऱ्या प्रयोगशाळेच्या तपासणीत ही घसरण एकदाही सापडली नव्हती. पाळीच्या दिवसांत तिला नमुना द्यायला नको वाटे आणि आम्ही तारीख आठवडाभर पुढे ढकलत असू.

गोळी चुकली की काय होते ते तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघींना समजावून सांगितले. वॉरफरिन यकृतात ‘के’ जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडवते, त्यामुळे गोठण्यासाठी लागणाऱ्या चार घटकांची निर्मिती मंदावते. यांपैकी सातव्या घटकाचे अर्धायुष्य सुमारे सहा तासांचे आहे तर दुसऱ्या क्रमांकाच्या घटकाचे अडीच दिवसांच्या आसपास. म्हणून आज चुकलेल्या गोळीचा पुरता परिणाम दोनतीन दिवसांनी दिसतो आणि आज वाढवलेल्या मात्रेचाही तसाच उशिरा दिसतो. आकडा खाली आला म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचण्यात आणि मात्रा परत बदलण्यात काही अर्थ नसतो, उलट आकडा झोके घेऊ लागतो. पहिल्या महिन्यात मी नेमके तेच करू पाहत होते.

रक्तस्रावावर उपाय शोधताना आणखी एक धोका समोर आला. पाळी नियमित करण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या मिश्र गोळ्यांत इस्ट्रोजेन असते आणि ते गुठळीचा धोका वाढवते. फोंटान असलेल्या मुलींसाठी अशा गोळ्या टाळल्या जातात. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हृदयतज्ज्ञ एकत्र बोलले आणि त्यांनी इस्ट्रोजेन नसलेला पर्याय निवडला. गर्भनिरोधनाचा विचार करतानाही हेच लागू आहे. शिवाय गर्भधारणेच्या पहिल्या तिमाहीत वॉरफरिनमुळे गर्भाला इजा होऊ शकते, म्हणून या विषयावर मुलीशी लग्नाच्या वेळी नव्हे तर वयात येतानाच बोलायला हवे. मला हे बोलायला संकोच वाटला होता, तो वाटायला नको होता.

औषधांच्या बाबतीत यंत्र एक चांगली सवय लावते. कोणतेही नवे औषध सुरू झाले की चारपाच दिवसांनी जादा तपासणी. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनाझोल आणि ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडॅरोन आकडा वाढवतात, रिफाम्पिसिन आणि कार्बामाझेपिन तो खाली आणतात. डोकेदुखीसाठी मनाने घेतलेली आयबुप्रोफेन आकडा फारसा न बदलताही रक्तस्राव घडवू शकते. एकदा परीक्षेच्या दिवसांत तिने ताकद येण्यासाठी पोषक भुकटी दुधातून घ्यायला सुरुवात केली आणि पुढच्या रविवारी आकडा १.९ आला. डब्यावर वाचले तर त्यात ‘के’ जीवनसत्त्व होते. पालेभाज्या बंद कराव्यात असे मात्र मुळीच नाही, दर आठवड्याला त्या साधारण सारख्या प्रमाणात खाव्यात एवढेच पाळायचे असते.

यंत्राविषयी माझी एक ठाम तक्रार आहे. मर्यादेबाहेरच्या आकड्याशेजारी ते वर किंवा खाली बाण दाखवते, पण दोन्ही बाण एकसारखे, लहान आणि मुके आहेत. सलग दोन आठवडे आकडा खाली राहिला तरी ते काही वेगळे सुचवत नाही, तारखांमधील आवर्तन दाखवणे तर दूरच. ते डॉक्टरांच्या नजरेने पकडले. मात्रा किती बदलायची, तात्पुरते हेपारिनचे (गुठळी रोखणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन द्यायचे का, हे यंत्र सांगत नाही आणि सांगूही नये. म्हणून मर्यादेबाहेरचा आकडा आल्यावर कोणाला कळवायचे आणि उत्तर किती वेळात मिळेल हे ठरलेले नसेल, तर यंत्र घेण्याची घाई करू नये. तिला बालहृदयरोग विभागाकडून मोठ्यांच्या विभागाकडे पाठवले गेले, तेव्हा जवळजवळ दोन महिने आकडा कळवायला आम्हाला कोणीच नव्हते. त्या दोन महिन्यांत यंत्र रोज टेबलावर होते आणि तरी आम्ही असुरक्षित होतो.

सगळ्यांनाच ते लागेल असेही नाही. फक्त अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, कारण अ‍ॅस्पिरिन बिंबिकांवर (प्लेटलेट्सवर) काम करते, आयएनआरवर नाही. फोंटाननंतरच्या दोन वर्षांवरील मुलांसाठी रिव्हारॉक्साबॅन या गुठळी रोखणाऱ्या नव्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. ते घेणाऱ्यांना आयएनआर मोजावा लागत नाही आणि मोजला तर आकडा दिशाभूल करतो. मात्र यांत्रिक झडप असलेल्यांनी या नव्या औषधांकडे वळण्याचा विचार स्वतःहून करू नये. त्याच वर्गातील डॅबिगॅट्रानची अशा रुग्णांवरील चाचणी २०१२ साली अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले. त्यांच्यासाठी वॉरफरिन आणि ही मोजणी दोन्ही अटळ आहेत.

आणखी एक सूचना पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असायला हवी होती. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एका हातातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा अचानक धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर यंत्राला हात न लावता तडक रुग्णालयात जावे. २.५ हा आकडा पाहून घरी थांबणे ही जिवावरची चूक ठरू शकते, कारण आकडा मर्यादेत असतानाही गुठळी होऊ शकते.

एवढे सगळे लक्षात घेऊनही माझे मत यंत्राच्या बाजूने आहे. घरी मोजणी करणाऱ्यांच्या ११ चाचण्यांतील ६४१७ जणांची माहिती एकत्र करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात गुठळीच्या घटना जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले आणि ५५ वर्षांखालील लोकांत ही घट आणखी मोठी होती. त्यातील बहुतेक जण माझ्या मुलीसारखे नव्हते, हे मी विसरत नाही. पण तिच्या नोंदींत गेल्या वर्षभरात मर्यादेखालचे आकडे केवळ चार आहेत आणि प्रत्येकाचे कारण आम्हाला ठाऊक आहे. आता ती स्वतःच टोचते, स्वतःच आकडा डॉक्टरांना कळवते. २ च्या खालचा आकडा मला त्याच दिवशी सांगायचा, बाकीचे नाही सांगितले तरी चालेल, असे आमचे दोघींचे ठरले आहे.

प्रयोगशाळेशी पुढची तुलना येत्या महिन्यात आहे. फरक ०.५ च्या वर गेला तर हा अभिप्राय मी बदलेन.